उघडी काच

आमचे मामंजी बिमुर्झा म्हणजे एक नंबरचे हट्टी. गावच्या चर्चची किल्ली चाळीस वर्षं त्यांच्या कमरेला. मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की, त्या किल्लीशी बरोबरी करू नकोस, घरात तिचा मान तुझ्या आधी.

ती किल्ली राखायची एक क्रूस. हातभर लांब, लाकडावर चांदीचा पत्रा, सात-आठशे वर्षांचा. त्यावरच्या येशूची छाती झिजून गुळगुळीत झालेली, कारण आमच्या स्वानेतीच्या डोंगरी मुलखात भांडण मिटतं ते तिथं हात ठेवून शपथ घेतल्यावर. तिथं खोटं बोलणाऱ्याचं घर बुडतं असं आम्ही मानतो. हसायचं त्यानं हसावं.

सहा वर्षांपूर्वी संग्रहालयाची माणसं आली. छप्पर गळतंय, क्रूस तीन महिन्यांत परत आणतो म्हणाली. मामंजींनी सही केली. ते तीन महिने अजून चालूच आहेत! रिकाम्या चर्चला कुलूप कशाला, म्हणून लोक त्यांना टोमणे मारायचे. ते मुकाट्यानं रोज सकाळी जाऊन मेणबत्ती लावून यायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा बटाटे काढायच्या वेळी शेजारच्या चिचिकोचा बैल दरीत मरून पडलेला सापडला. तो दोनदा आमच्या शेतात घुसला होता, म्हणून माझ्या नवऱ्यानं, वाखोनंच तो कड्यावरून ढकलला, असं चिचिकोचं म्हणणं. त्याचे दोन्ही मुलगे अंगणात बसून बंदुका पुसायला लागले. वाखो छाती ठोकून म्हणाला, "क्रुसावर हात ठेवून सांगतो, मी त्या बैलाला शिवलोसुद्धा नाही." मग काय, मी त्याच्यासाठी अख्ख्या गावाशी भांडले.

गाडी करून मामंजी, वाखो, चिचिको आणि मी असे चौघं संग्रहालयात गेलो. क्रूस काचेच्या पेटीत, खाली पाटी: 'छातीचा भाग हाताळण्याने खराब.' खराब म्हणे! आमच्या पणज्यांचे हात लागलेत तिथं. पेटी उघडायला राजधानीचं पत्र लागतं, असं तिथल्या बाईनं सांगितलं. वाखोनं लगेच काचेवर पंजा ठेवला आणि घडाघडा शपथ घेऊन टाकली.

"असं तर मी खिडकीवर हात ठेवूनही बोलेन," चिचिको म्हणाला.

मामंजी पेटीसमोर फरशीवर बसले. माझा मुलगा खरं बोलतोय हे सगळ्यांना दिसल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. वाखो त्यांचा दंड ओढायला लागला, तमाशा नको, चला म्हणून. मी त्यालाच झापलं, आणि त्या बाईला तर असं सुनावलं की तिथला पहारेकरीसुद्धा बाहेर निघून गेला. शेवटी तिनं दोन-तीन फोन केले. दुपार टळल्यावर किल्ली आणून काच उघडली आणि पांढरे हातमोजे पुढे केले. मामंजींनी नको म्हणून मान हलवली. तिनं ते खिशात घातले.

"ठेव, वाखो," मामंजी म्हणाले.

वाखोचा हात वर आला आणि येशूच्या छातीपासून वीतभर अलीकडे थांबला. मी वाट पाहिली. चिचिकोनंही पाहिली. हात खाली आला.

काच उघडणारच नाही, एवढ्याच भरवशावर हा बहाद्दर छाती ठोकत होता! आणि मी मूर्ख, गावभर त्याची वकिली करत फिरले. तिथंच त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं.

"लावून घ्या काच, बाई," मामंजी म्हणाले.

परतताना गाडीत मी चिचिकोच्या शेजारी बसले. घरी पोचल्यावर मामंजींनी आमचा बैल सोडला आणि दोर वाखोच्या हातात दिला. चिचिकोच्या अंगणात नेऊन बांध आणि त्याच्या पोरांसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल हो, म्हणाले. मग त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढे धरली.

"उद्यापासून चर्च तू उघड, सूनबाई. माझ्या रक्तातल्या कुणाला आता त्या दाराला हात लावायचा हक्क नाही."

मी किल्ली घेतली. वाखो दोर धरून अजून तिथंच उभा होता. नीघ म्हटलं, चिचिको वाट बघतोय.