ऑप्शनला टाकलेलं प्रकरण

माझ्या मित्राला त्याचा हट्ट भोवला, असं सगळ्यांत आधी मीच म्हणालो. मग बाकीचे म्हणू लागले. शॉमबर्गमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत आजही त्याचा विषय निघाला की कोणीतरी मान हलवतं आणि म्हणतं, काका फार हट्टी होते, पुस्तक हातात असून ऐकलं नाही. हे खोटं आहे. मी पुस्तक म्हणून त्याच्या हातात जे ठेवलं होतं, त्याचं त्याने अक्षर न् अक्षर ऐकलं.

आम्ही दोघंही इथे परदेशात मुलांकडे येऊन राहिलेलो. तो नागपूरचा, वीज मंडळातून निवृत्त झालेला, मुलीकडे राहायचा. मी पुण्याचा, मुलाकडे. दोन्ही घरांच्या मध्ये एक तळं आहे आणि तळ्याभोवती डांबरी पायवाट. सकाळी आम्ही तिथे चालायचो. त्या वर्षी इथल्या तरुण मंडळींनी पळण्याचा ग्रुप काढला. आयटीतली मुलं-मुली शनिवारी एकसारखे टीशर्ट घालून तळ्यावर जमायची. माझा मित्र आयुष्यात कधी बसमागेही धावला नव्हता, पण ते टीशर्ट पाहून त्याला राहवेना. पळायचं तर रीतसर शिकून पळू, म्हणाला. एखादं चांगलं गाइड निवडून द्या.

निवडायला मी, कारण पुण्यात माझे दहावीचे क्लास होते. पेपरात काय येणार ते मी सांगायचो आणि बहुतेक वेळा तेच यायचं. त्यामुळे तो मला मास्तर म्हणायचा, थोडं चिडवून, थोडं मनापासून.

लायब्ररीत पळण्यावरच्या पुस्तकांचं अख्खं कपाट आहे. काही पुस्तकं टेबलावर पसरून आम्ही दोघं बसलो. एकात नुसते फोटो होते, घाम न आलेल्या माणसांचे. एक कोणाची तरी आत्मकथा होती. वाचायला छान, पण उद्या सकाळी उठून काय करायचं ते त्यात कुठेच नव्हतं. एकात बुटांचंच कौतुक. शेवटी साध्या मुखपृष्ठाचं एक जाडसर पुस्तक हाती लागलं. अर्धं नवशिक्यांसाठी, अर्धं मुरलेल्या पळणाऱ्यांसाठी. आठवड्यांची वेळापत्रकं, खाणं, दुखापती, आणि शेवटाकडे कधी थांबावं यावर एक प्रकरण. निवड चुकली नव्हती. आज विचारलंत तरी मी तेच पुस्तक उचलीन.

चुकलं ते पुढे. मित्राला इंग्रजी सावकाश वाचता यायचं आणि पुस्तक जाड होतं. म्हणून मी जे जन्मभर केलं तेच केलं. पेन्सिल घेऊन अनुक्रमणिकेवर बसलो. काही प्रकरणांपुढे आयएमपी लिहिलं आणि बाकीची ऑप्शनला टाकली. क्लासमधल्या मुलांना याचा अर्थ सांगावा लागत नसे: हा धडा वाचू नका, याच्यावाचून भागतं. नवशिक्यांचा भाग ऑप्शनला गेला, कारण त्यात थोडं चाला, थोडं पळा, पुन्हा चाला, एवढंच होतं. मित्र हसला. "आपण काय बालवाडीतले पोट्टे आहो का, मास्तर?" कधी थांबावं हे प्रकरणही ऑप्शनला गेलं. या देशात कॉफीच्या कपावरही आत गरम कॉफी आहे असं छापतात. मला वाटलं, हे त्यातलंच काहीतरी असणार. मी ते वाचलंसुद्धा नाही. उरलेल्या पानांच्या झेरॉक्स काढून त्यांना स्पायरल बाइंडिंग करून दिलं. त्यात मुरलेल्यांचं वेळापत्रक होतं, चढ होते आणि वेग होता.

तो ते इमानदारीने पाळायचा. मी बाकावर बसायचो आणि तो तळ्याला फेऱ्या मारायचा. जावयाने आणलेले बूट त्याला जरा मोठे होते, त्यामुळे प्रत्येक पावलाला उजवी टाच फट् करून वाजायची. तो तळ्याच्या पलीकडे असला तरी तो कुठपर्यंत आलाय ते मला ऐकून कळायचं.

एका सकाळी तो माझ्याजवळ येऊन थांबला. चेहरा राखेसारखा झालेला. म्हणाला, "छातीत भरल्यासारखं होऊन राह्यलं जी. त्याचं काही दिलं आहे का पुस्तकात?"

मी म्हणालो, "ते ऑप्शनला टाकलंय. तुम्ही पुढचं करा."

आणि त्याने पुढचं केलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी तो पायवाटेवर पडलेला सापडला. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका बाईंनी पाहिलं, तोवर तो गेला होता. मी त्या दिवशी थंडी आहे म्हणून घरीच होतो. त्याच्या घरी गेलो तेव्हा मुलीने मला जिन्याजवळ गाठून विचारलं, काका, कधी थांबायचं ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं का? मी म्हणालो, लिहिलेलं होतं. तो हट्टी होता. दोन्ही वाक्यं खरी होती. ती एकापुढे एक ठेवली तेव्हा त्यांचं जे खोटं झालं, ते माझं काम.

पहिला बर्फ पडल्यावर मी पुन्हा तळ्यावर जाऊ लागलो. तळ्यावरचे हंस, ती इथली मोठी करडी बदकं, सकाळी फार कलकलाट करतात. त्या दिवशी ती एकाएकी गप्प झाली आणि मला मागून आवाज आला. फट्. मग एक हलकं पाऊल. मग फट्. मी वळलो. पायवाट मोकळी होती. ताज्या बर्फावर माझ्या एकट्याच्या पावलांची ओळ होती. मी स्वतःला समजावलं की वयाबरोबर कान वाजतात. पुढे मला एक लक्षात आलं आणि मग समजूत पटेना. मी थांबलो की तो आवाज थांबत नसे. तो माझ्यापर्यंत यायचा, शेजारून जायचा आणि पुढे तळ्याच्या वळणावर नाहीसा व्हायचा. त्याची गती कमी होत नसे. तो दमत नसे. मुरलेल्या माणसाच्या वेळापत्रकाप्रमाणे जात राहायचा.

मी लायब्ररीतून ते पुस्तक घरी आणलं. सोडलेलं प्रकरण वाचावं असं ठरवलं होतं, पण धीर होईना. ते टेबलावर पडून राहायचं. सकाळी पाहावं तर उघडलेलं असायचं, त्याच प्रकरणावर. सुनेला विचारलं, तू उघडतेस का? ती म्हणाली, बाबा, मला कुठे वेळ आहे? मुलगा म्हणाला, हीटरची हवा लागत असेल. असेल. पण हवेने दुसरं पान कधी निघालं नाही.

बर्फ वितळला. एका धुक्याच्या सकाळी मी बाकावर होतो. हंस गप्प झाले. फट्. हलकं पाऊल. फट्. मी मान खाली घालून तो आवाज शेजारून जाण्याची वाट पाहत राहिलो, रोजच्यासारखा. या वेळी तो गेला नाही. माझ्यासमोर येऊन थांबला. मला ते बूट दिसले. करडे, उजव्या टाचेला सैल. वर त्याचं हुड असलेलं जॅकेट. आणि धापा टाकण्याचा आवाज.

मी किती वेळाने वर पाहिलं ते सांगता येत नाही. ती त्याची मुलगी होती. आत जाड मोजे घालून तिने बापाचे बूट घातले होते. हातात माझं स्पायरल.

तिला मी घाबरलेला दिसलो असणार, कारण ती हसून म्हणाली, सॉरी काका, धुक्यात दिसलेच नाही तुम्ही. मग बाकावर माझ्या शेजारी बसली. म्हणाली, गेले काही आठवडे ती रोज येते आहे, फक्त मी घरी गेल्यावर, ऑफिसला जायच्या आधी; आज मीच जास्त वेळ बसलो होतो. बापाने अर्धवट सोडलेलं तिला पूर्ण करायचं होतं.

"बाबांनी स्वतःच्या मनाने केलं," ती म्हणाली. "मी शीट्सवर आहे तेच फॉलो करतेय, काका. एक्झॅक्टली."

तिचा एक हात छातीवर होता. मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, "काही नाही. थोडं जड वाटतं. पहिल्यांदा पुश केलं की होतंच ना तसं?" आणि बुटाची नाडी घट्ट करायला वाकली. अजून एक फेरी बाकी होती.

मी तिचं मनगट धरलं. त्या घरातल्या कोणत्याही बाईचा हात मी कधी धरला नव्हता. ती दचकली.

मी म्हणालो, "हे पुस्तक नाही. पुस्तकातून मी काढून ठेवलं, त्यानंतर जे उरलं ते हे. थांबायचं कधी ते मी त्याला दिलंच नव्हतं. त्याने मला विचारलं होतं, इथेच उभं राहून, आणि मी त्याला पुढचं कर म्हणालो."

तिने मनगट सोडवून घेतलं. मग विचारलं, "पण तुम्ही मला तेव्हा म्हणालात की लिहिलेलं होतं."

"होतं. लायब्ररीत."

तिने वाकून नाड्या सोडल्या. बूट काढले, जोडीने माझ्याजवळ ठेवले, त्यांच्यावर स्पायरल ठेवलं आणि ओल्या पायवाटेवरून मोज्यांनी चालत घरी गेली. मी मागे हाक मारून सांगितलं की आजच्या आज डॉक्टरकडे जा. तिने वळून पाहिलं नाही. तिच्या चालण्याचा आवाज येत नव्हता.

त्या दुपारी मी ते प्रकरण वाचलं. छोटं होतं. नवशिक्यांसाठी आणि मुरलेल्यांसाठी एकच, त्यात भाग पाडलेले नव्हते. मित्राने मला जे विचारलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत ते पहिल्याच पानावर होतं, आणि पुढे काय करावं तेही: थांबा, बसा, मदत मागा, आज पुन्हा पळू नका. पुस्तक मी तिच्या दारात ठेवून आलो. आता मला कोणी पळण्याचं पुस्तक निवडून मागितलं तर मी आधी मागून उघडतो आणि माणसाला घरी परत पाठवणारं पान त्यात आहे का ते पाहतो. आणि देतो ते सबंध देतो.

ती डॉक्टरकडे गेली, हे मला मुलाकडून कळलं. काहीतरी सापडलं, वेळेवर सापडलं, गोळ्या सुरू आहेत. ती माझ्याशी बोलत नाही. मी कोणाकोणाला काय सांगितलं होतं ते दुरुस्त करायला त्या सगळ्या घरी गेलो. काहींनी चहा दिला, काहींनी नाही. हे लिहितोय तेही त्यासाठीच, कारण जे लोक गाव सोडून गेले त्यांच्यापर्यंत माझं पहिलं, हट्टाचं वाक्यच पोचलेलं आहे.

उन्हाळ्यात ती पुन्हा तळ्यावर दिसू लागली. नवे बूट, मापाचे. थोडं चालते, थोडं पळते, पुन्हा चालते. माझ्या बाकावरून जाताना समोर बघते.

त्याचे बूट माझ्या कपाटात आहेत. ती दिसेनाशी झाल्यावर मागून तो आवाज अजून येतो. फट्, हलकं पाऊल, फट्. पण आता तो शेजारून निघून जात नाही. बाकापाशी येतो आणि थांबतो. मी बाकाच्या कडेला सरकून बसतो.