नाही आलं तं?

आमच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी संगणकाचे प्रोग्राम लिहितो आणि उरलेल्या वेळात चहाच्या टपरीवर माझं डोकं खातो. त्याच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत म्हणे 'अमुक झालं तर हे' एवढं लिहून भागत नाही. 'नाहीतर ते' हेही लिहावंच लागतं, त्याशिवाय प्रोग्राम चालतच नाही. ही खोड त्याला पुरती जडली आहे. टपरीवाला म्हणाला, "दूध आलं तं चहा देतो," की हा बाकावर बोटं वाजवत विचारणार, "नाही आलं तं?"

"तं तू घरी जाय ना गा," टपरीवाला एकदा वैतागून म्हणाला. गडी खूश. त्याला पूर्ण उत्तर मिळालं होतं.

गेल्या सोमवारी बायकोच्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. मी टपरीवर सहा वेळा उठलो, सहा वेळा बसलो. गप्प राहवेना म्हणून त्याला म्हणालो, "रिपोर्ट चांगला आला तर रविवारी हिला काटोलला नेतो, संत्र्याच्या बागेत. कधीची म्हणते आहे."

बोललो आणि जीभ चावली. त्याची बोटं बाकावर वाजू लागली होती. आता तो प्रश्न येणार.

बोटं थांबली.

"चांगला नाही आला तरी जाऊ, भाऊ," तो म्हणाला. "वहिनीले आत्ताच सांगून ठेवा. गाडी मी काढतो."