दामिनीने न विचारलेला प्रश्न

दामिनी भोयरचे वडील वामनराव उमरेड डेपोत कंडक्टर होते. ड्यूटीवरून आले की दिवसभरातल्या प्रवाशांच्या गोष्टी सांगायचे, आणि ही पोरगी हातातला घास हातातच धरून ऐकत बसायची. पुढे ती मानसशास्त्राकडे वळली, एम.ए. झाली, क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटला लागली, तेव्हा वामनरावांना नवल वाटलं नाही. आईला मात्र पोरीनं वेड्यांच्या दवाखान्यात जावं हे शेवटपर्यंत पटलं नाही. डॉक्टरेटचं अखेरचं वर्ष रुग्णालयात काढावं लागतं, त्याला इंटर्नशिप म्हणतात, त्याशिवाय पदवी मिळत नाही, हे दामिनीनं तिला किती वेळा समजावलं असेल. आई ऐकून घ्यायची आणि जाताना लिंबू-मिरची बॅगेत टाकून द्यायची.

तर अठ्ठाविसाव्या वर्षी दामिनी नागपूरच्या एका मनोरुग्णालयात इंटर्न म्हणून रुजू झाली. तिला भीती वाटत होती, पण ती रुग्णांची नव्हती. आपल्या तोंडून भलतंच काही निघेल, किंवा निघायला हवं ते निघणारच नाही, याची होती. रोज सकाळी ओपीडीची पायरी चढताना तिच्या हातांचे तळवे गार पडायचे. ओढणीला पुसून ती आत जायची.

तिच्या कामावर देखरेख होती डॉ. चारुलता पाध्ये यांची. पन्नाशी ओलांडलेल्या, मोजकं बोलणाऱ्या, आवाज न चढवता समोरच्याला सरळ बसायला लावणाऱ्या बाई. नव्या रुग्णाची सगळी माहिती इंटर्ननं घ्यायची, फाइल लिहायची आणि मॅडमनी ती तपासायची, अशी पद्धत होती. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं की बाकी काही राहिलं तर मागाहून भरता येईल, पण एक प्रश्न गाळायचा नाही. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे प्रत्येकाला सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्यानं तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर यायला वाट मिळते.

हे दामिनीनं पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण ती ज्या घरात वाढली तिथं मरणाचं नाव काढलं तरी आई तोंडावर हात ठेवायची. दर वेळी तो प्रश्न विचारताना तिची जीभ जड व्हायची. तरी ती विचारायची.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी नत्थूजी आले. वय अठ्ठावन्न. नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घ्यायचं काम करायचे, तिथंच जवळ भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी मोनाली बुटीबोरीच्या कापड कारखान्यात कामाला होती, तिचा संसार तिकडेच होता. झोप येत नाही, जेवण जात नाही म्हणून गोदामाच्या मालकानंच त्यांना पाठवलं होतं. स्वच्छ धुतलेला सदरा, मांडीवर दोन्ही हात. दामिनी विचारेल तेवढ्याचं उत्तर द्यायचे आणि पुन्हा जमिनीकडे पाहायचे. मध्येच म्हणाले, सायकल शेजारच्या पोरीला देऊन टाकली, आता आपल्याला कुठं जायचं आहे. दामिनीनं तेही लिहून घेतलं.

बाहेर बाकांवर अजून अकरा जण होते. शिपाई दोनदा डोकावून गेला. दामिनी त्या प्रश्नापाशी आली, आणि तेवढ्यात नत्थूजी म्हणाले, "लय वेळ बसली तू माह्यासाठी, माय. जेवली का?"

तिनं पेन रकान्यापाशी थांबवलं. ज्या माणसानं आत्ताच आपल्याला माय म्हटलं, त्याला हे कसं विचारायचं? तिनं मान हलवली, हसली, आणि फाइलमधल्या त्या रकान्यात लिहिलं, 'नाही'. अर्ध्या क्षणाचं काम. फाइल मॅडमकडे गेली, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पुढच्या गुरुवारची तारीख पडली.

पुढच्या गुरुवारी नत्थूजी आले नाहीत.

दुपारी दोनपर्यंत तिनं दर थोड्या वेळानं दाराकडे पाहिलं. मग त्यांची फाइल काढून वाचायला बसली. सायकलचं वाक्य तिच्याच अक्षरात तिथं होतं. माणूस जवळच्या वस्तू वाटून टाकायला लागला की सावध व्हायचं, हे तिनं डॉक्टरेट करताना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना स्वतः शिकवलं होतं. तिनं फाइलमधला नंबर लावला. मोबाइल बंद. पाच मिनिटांनी पुन्हा बंद. तिनं डबा तसाच परत नेला.

शुक्रवारी सकाळी ती मॅडमच्या खोलीत गेली. एक रुग्ण आला नाही, फोन लागत नाही, एवढं सांगितलं. मॅडमनी फाइल उघडली, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तू विचारलं होतंस ना?"

"हो मॅडम," दामिनी म्हणाली.

ते हो तिच्या तोंडून कसं निघालं, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. मॅडम म्हणाल्या, मग सोमवारपर्यंत वाट पाहू, पुष्कळ जण एखादी तारीख चुकवतात, सोमवारी ताराचंदला घरी पाठवू. ताराचंद हे तिथले सोशल वर्कर. दामिनी बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या नळाखाली हात धरून उभी राहिली. आता तिच्या माथी दोन गोष्टी होत्या. पहिलीनं माणूस नजरेआड झाला होता आणि दुसरी त्याच्या शोधातले तीन दिवस खाणार होती.

तो दिवस तिनं कसा काढला विचारू नका. चाचण्या घेतल्या, बेरजा चुकल्या, पुन्हा केल्या. दारावर कोणाची सावली पडली तरी ती दचकत होती, कोणी बातमी घेऊन आलं की काय म्हणून. फाइलवर आपलं नाव आहे, सही आहे, पदवी गेली, असेही विचार येत होते, आणि अशा वेळी आपल्याला पदवी सुचते याची तिला स्वतःचीच शिसारी येत होती. रकान्यातला तो शब्द कोणी खोटा ठरवू शकणार नव्हतं. आपण विचारलं होतं असं म्हणत राहिलं की झालं. खोलीत ती आणि नत्थूजी दोघंच होते, आणि नत्थूजी... इथंपर्यंत विचार आला की ती उठून चालू लागायची.

शनिवारी मॅडमची गाडी फाटकातून आत आली तेव्हा दामिनी पार्किंगमध्येच उभी होती. मॅडम उतरायच्या आधीच ती बोलली.

"मॅडम, मी त्यांना विचारलंच नव्हतं. नाही असं मीच लिहिलं. काल तुमच्याशीही खोटं बोलले."

चारुलताबाई गाडीतून उतरल्या. मग म्हणाल्या, "रडायला नंतर वेळ मिळेल. ताराचंदला बोलाव. पत्ता घे. तूही जा."

ताराचंदच्या मोटारसायकलवर मागे बसून ती वाडीला निघाली. अमरावती रोडवर ट्रकच्या रांगा लागल्या होत्या. प्रत्येक सिग्नलला तिला वाटत होतं उतरून पळत सुटावं, आणि त्याच वेळी वाटत होतं तो सिग्नल सुटूच नये. गोदामावर कळलं की नत्थूजी चार दिवस कामावर आलेले नाहीत. एका हमालानं गल्ली दाखवली.

खोलीला बाहेरून कुलूप नव्हतं. आतून कडी होती.

ताराचंदनी कडी वाजवली, हाका मारल्या. आतून आवाज नाही. शेजारची दिपाली नावाची पोरगी दारात आली. तिच्यामागे भिंतीला एक जुनी सायकल टेकलेली होती. काकाजी कालपासून दिसले नाहीत, असं ती म्हणाली. दामिनी दाराला कपाळ लावून म्हणाली, "काकाजी, मी दवाखान्यातली दामिनी होय. दार उघडा."

काहीच नाही. ताराचंद खांद्यानं दार ढकलायच्या तयारीत मागे सरले, आणि आतून खोकला ऐकू आला. मग कडी सरकल्याचा आवाज. नत्थूजी दारात उभे होते. आंघोळ केलेली, तोच धुतलेला सदरा. पाठीमागची खोली रिकामी वाटावी इतकी आवरलेली. भांडी एका पोत्यात बांधून ठेवली होती.

ते खाली सतरंजीवर बसले. दामिनी त्यांच्यासमोर बसली. भीती गेली नव्हती, उलट आता ती कानापर्यंत चढली होती आणि स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता.

"काकाजी, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येते का?"

"येते ना, माय," नत्थूजी म्हणाले. "त्या दिवशीबी येऊन राहिला होता. मले वाटलं, तू विचारशीन."

तिनं मान खाली घातली नाही. पुढचे प्रश्न शिकल्याप्रमाणे एकेक करून विचारले, केव्हापासून, काय ठरवलं, आजही तसंच वाटतं का. नत्थूजींनी सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी त्यांनी कोपऱ्यातल्या एका पिशवीकडे बोट दाखवलं. ताराचंदनी ती न उघडता उचलली आणि स्वतःजवळ ठेवली. मग दोघांनी मिळून त्यांना समजावलं, दिपालीच्या आईनं चहा आणला, आणि तासाभरानं नत्थूजी रिक्षात बसायला तयार झाले. रिक्षात दामिनीनं त्यांचा हात धरून ठेवला होता.

मोनाली दुपारी बुटीबोरीहून आली. कारखान्याच्या निळ्या कोटातच आली होती. वडिलांना पाहून ती त्यांच्या पायाशी बसून राहिली. नत्थूजी स्वतःच्या संमतीनं दाखल झाले.

संध्याकाळी मॅडमनी दामिनीला बोलावलं आणि ती फाइल समोर ठेवली. जुना शब्द दिसेल अशी त्यावर एकच रेघ मारायला लावली आणि बाजूला तारीख टाकून खरं ते लिहायला सांगितलं. 'विचारले नाही.' खाली सही. मग त्या म्हणाल्या, "न विचारणं मी समजू शकते. शुक्रवारचं हो मला समजत नाही. ते मी वर कळवणार आहे."

त्यांनी कळवलं. दामिनीची इंटर्नशिप सहा महिन्यांनी वाढली. त्या काळात तिला एकटीनं रुग्ण पाहायची परवानगी नव्हती. बरोबरीच्या सगळ्यांनी प्रबंध दिले, ती मॅडमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली. उमरेडला जाऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. वामनराव ऐकत राहिले. तो माणूस जिवंत आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. आईनं मात्र पहिल्यांदाच दवाखान्याबद्दल काही बोलायचं टाळलं.

नत्थूजी सात आठवड्यांनी घरी गेले, मुलीकडे, बुटीबोरीला. बरे होणं म्हणजे काय हे त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं, पण झोप येऊ लागली होती, पोळी जात होती. दर महिन्याला ते तपासणीला येतात. दामिनीला आता पुन्हा एकटीनं काम करायची मुभा मिळाली आहे. तो प्रश्न ती सगळ्यांना विचारते, म्हाताऱ्यांना, कॉलेजच्या पोरींना, हसत हसत आत येणाऱ्यांनाही. तळवे अजून गार पडतात. ते थांबतील अशी वाट पाहणं तिनं सोडून दिलं आहे.

बुटीबोरीची बस कधी कधी उशिरा पोचते. त्या दिवशी नत्थूजी दारात दिसेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नाही. ते येतात, बाकावर बसतात, पिशवी मांडीवर घेतात. ती उठते आणि त्यांचं नाव पुकारते.