कात्रण काढलेला पेपर

माझी नोकरी म्हणजे लोकांना गप्प बसवायची. विद्यापीठाच्या उपकेंद्राचं ग्रंथालय, जालन्याच्या बाहेर, एका अंगाला मोसंबीच्या बागा आणि दुसऱ्या अंगाला लोखंडाचे कारखाने. तिथं मी सहायक ग्रंथपाल. पुस्तकं देणं-घेणं हे कागदावरचं काम. खरं काम एवढंच, की कुणी बोललं की टेबलावर पेन आपटायचं आणि म्हणायचं, "हळू." आवाज माझा पहिल्यापासून खणखणीत. माझं "हळू" ऐकून पोरं दचकायची. माघारी मला काय काय म्हणायची ते मला पक्कं माहीत आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पण अलीकडं गप्प बसवायलाही कुणी उरलं नव्हतं. आता येतात ती सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी. सकाळीच येऊन पाण्याची बाटली ठेवतात आणि जागा धरतात. पुस्तकं स्वतःचीच आणलेली. कानात मोबाईलची बोंडं खुपसली की दिवस मावळेपर्यंत मान वर करत नाहीत. अख्खा वाचनकक्ष भरलेला, आणि मी काउंटरवर एकटी. घरीही तीच गत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक पुण्याला, तिचा फोन रविवारी. "बरी आहेस ना?" "बरी आहे." संपलं. कधीकधी संध्याकाळी कुलूप उघडताना ध्यानात यायचं, की आज दिवसभरात आपण "हळू" सोडून दुसरा शब्दच बोललो नाही. मंग उगाच गॅसशी, भांड्यांशी बोलायचं. माणसाला वेड लागायला फार काही लागत नाही.

आमच्याकडं बाहेरच्या माणसाला आत यायला बंदी. फक्त वृत्तपत्र विभाग सगळ्यांना खुला. त्या एका सवलतीवर काका यायचे. काका एसटीतून निवृत्त झालेले. जालना स्टँडवर कंट्रोलर होते, म्हणजे माईकवर गाड्या पुकारायचे. मी मूळची तीर्थपुरीची. कॉलेजात असताना शनिवारी गावाकडं जायला स्टँडवर बसायचे तेव्हा हाच आवाज कानावर पडायचा: "अंबड, घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगावकडं जाणारी गाडी..." काकांचं गावही कुंभार पिंपळगावच. पहिल्या दिवशी त्यांनी "पेपर कुठं हायेत, बाई?" एवढंच विचारलं आणि मी मान वर न करता म्हणाले, "तुम्ही स्टँडवर होता का?" तेव्हापासून आमचं जमलं.

जमलं म्हणजे काय, तर रोज भांडण. पेपर लाकडी स्टँडवर उभं राहून वाचायचा असतो, पण काका तो काढून माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीत येऊन बसायचे आणि ठळक बातम्या मला वाचून दाखवायचे. आवाज फलाटावरचाच.

"काका, हळू."

"हळूच वाचून राह्यलो, बाई."

"अख्ख्या जालन्याला ऐकू येतंय."

मंग ते आवाज बारीक करायचे, दोन ओळींनी पुन्हा चढायचा. कुठं कापसाला काय भाव, कुठल्या तालुक्यात नळाला पाणी नाही, कुठल्या मंत्र्यानं काय अक्कल पाजळली. शेवटी पेपर मिटताना ठरलेला सवाल, "जेवल्या का?" मी म्हणायचे, "जेवले." खरं तर डबा उघडायचा असायचा. काका आल्याशिवाय मी तो उघडत नसे.

एका बाबतीत मात्र काकांनी मला अद्दल घडवली होती. उपकेंद्राची बातमी पेपरात आली की तिचं कात्रण काढून फाईलला लावायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पहिल्या वर्षी मी ताज्या पेपरातनंच एक कात्रण काढलं. काकांनी ते पान असं धरलं, भोकातनं माझ्याकडं बघितलं आणि जे सुरू झाले! "पेपर म्हंजी वाढलेलं ताट असतंय, बाई. आधी तुम्हीच घास घेऊन मंग आमच्यापुढं सरकवता का?" चूक माझी होती, काय बोलणार. तेव्हापासून नेम ठरला, कात्रण दुसऱ्या दिवशी.

आणि मंग ती सूचना आली. पुढच्या महिन्यापासून पेपर बंद. दाराशी मोठा स्क्रीन लावणार, त्याच्यावर बातम्या सरकत राहणार, आणि पेपरच्या जागी अभ्यासाची आणखी टेबलं. मी तशीच ग्रंथपाल साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, एक तरी पेपर राहू द्या."

"मॅडम, आजकाल पेपर वाचतं कोण? सगळं मोबाईलवर आहे."

"एक जण येतात रोज."

"एका माणसासाठी विभाग चालवायचा का?" साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांना हिशेबापलीकडं काही दिसत नाही. वर म्हणाले, "त्यापेक्षा फाईल तयार ठेवा. समिती येणार आहे. आपल्या ग्रंथप्रदर्शनाची बातमी आजच आलीय फोटोसकट. आत्ताच्या आत्ता कापा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला काही त्या पेपरचं पडलं नव्हतं. पेपर गेला की काकांना आत सोडायला कारण उरत नव्हतं, आणि काका गेले की माझ्याशी बोलणारं कुणी उरत नव्हतं. हे साहेबांना कसं सांगणार? पन्नाशी उलटलेल्या बाईनं साहेबापुढं उभं राहून म्हणायचं का, की सर, मला करमत नाही? मी बाहेर आले, कात्री घेतली आणि रागारागात ते पान कापलं. आतल्या पानावर, वरच्या अंगाला, चांगलं तळहाताएवढं भोक पडलं. पेपर स्टँडला लावला, कात्रण फाईलला, आणि नेम मोडल्याचं रागाच्या भरात विसरूनही गेले.

काका आले. पेपर काढला, समोर बसले, पहिलं पान झालं, आतलं पान उघडून छातीपुढं धरलं. आणि मला त्या भोकातनं त्यांच्या चौकडीच्या शर्टाचा खिसा दिसला. खिशाला लावलेलं पेन दिसलं. आता काका बोंबलणार म्हणून मी मान खाली घातली. आणि काका वाचायला लागले.

"भोकरदन तालुक्यात सोयाबीनची आवक वाढली." नजर बराबर भोकावर. "अंबड रस्त्याचं काम दिवाळीनंतर."

भोकाबद्दल चकार शब्द नाही. पान उलटलं, पुढं वाचलं, पेपर मिटला. "जेवल्या का, बाई?"

"जेवले," मी म्हणाले. ते गेल्यावर मी पेपर उघडला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. सोयाबीन कुठंच नव्हतं. अंबड रस्ता कुठंच नव्हता. मंग एकेक गोष्ट आठवायला लागली. जिन्यात ते कठडा धरून यायचे, विचारलं तर म्हणायचे गुडघे धरलेत. गेटवरचा वॉचमन त्यांना दारापर्यंत आणून सोडायचा, मला वाटायचं गप्पा मारत येतात. मागं डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्याचं बोलले होते, आणि मी म्हणाले होते, "मोतीबिंदू का? होतंय बरं." त्यांनी हो-नाही काही केलं नव्हतं. बातम्या ते घरी रेडिओवर ऐकत असणार, सकाळी, आणि इथं येऊन मला वाचून दाखवत असणार.

आधी मला राग आला. एवढे दिवस मला येड्यात काढलं म्हणून. मंग घरी गेले, भाकरी केली, पहिला घास तोडला आणि तसाच ताटात ठेवला. दिसत नसलेला माणूस शहराबाहेर रिक्षानं येतो, जिना चढतो, पेपर तोंडापुढं धरतो. कशासाठी येतो? मी ज्या दोन शब्दांसाठी डबा बंद ठेवून बसायचे, त्याच दोन शब्दांसाठी.

दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही. तो कापलेला पेपर तेवढा कुणाच्या हाती लागू नये म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. महिना संपला. पेपर बंद झाले, स्टँड गोदामात गेले, रद्दीवाला होता नव्हता तो गठ्ठा घेऊन गेला. दाराशी स्क्रीन लागला. मी वॉचमनला जाऊन सांगितलं, "काकांचा पेपर माझ्या टेबलावर असतो. त्यांना सोडत जा." माझ्याशी हुज्जत घालायची त्याची काय टाप.

टेबलावर द्यायला पेपर मात्र एकच होता, ड्रॉवरमधला. स्टँड हलवले, आता पेपर माझ्याकडं, एवढंच काकांना सांगून तोच मी रोज त्यांच्या हातात द्यायचे. ते तोच उघडायचे आणि रोज नव्या बातम्या वाचायचे. आजूबाजूची पोरं कानात बोंडं घालून बसलेली, कुणाचं लक्ष नाही. खरं सांगते, ते दिवस मला फार बरे गेले. मी भोकातनं काकांचा शर्ट बघायचे आणि सोयाबीनचे भाव ऐकायचे.

पण कागद तो कागद. रोज उघडून-मिटून मऊ पडला. एक दिवस पान उलटताना त्यांचं बोट भोकात गेलं आणि कड टरकन फाटली. काका थांबले. बोटानं चाचपत चारी कडा फिरले. कडा सरळ, कात्रीच्या.

"हे कात्रण हाय."

"हो."

"कधी काढलं?"

खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही. "पेपर बंद व्हायच्या आधी. तवापासून हाच आहे, काका."

त्यांनी पेपर मिटला, घडी घातली, घडीवरनं हात फिरवला. "मंग तुम्हाला म्हाईत होतं."

"हो."

"तरी ऐकून राह्यल्या."

मी उगाच ड्रॉवर उघडला आणि बंद केला. काका उठले. "उगी तकलीफ दिली तुम्हाला," म्हणाले आणि टेबलांच्या कडा धरत दाराकडं गेले. त्या दिवशी त्यांनी जेवल्या का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडा गेला. मी डबा घेऊन बसायचे आणि तसाच घरी न्यायचे. दाराशी स्क्रीनवर बातम्या सरकत होत्या, कुणी बघत नव्हतं. मला त्यांचं घर माहीत नव्हतं, फोन नंबर माहीत नव्हता. एवढ्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं. फलाट आणि गाव सोडून मला त्या माणसाबद्दल काय माहीत होतं?

शेवटी वॉचमननं सांगितलं, त्यांना आणणारा रिक्षावाला गेटवर उभा असतो कधीकधी. मी जाऊन त्याला गाठलं.

"काकांना म्हणावं, मॅडमनी बोलावलंय."

"कशासाठी म्हणून सांगू?"

मी विचार करायला लागले. पेन राहिलंय म्हणावं? चष्म्याची डबी सापडली म्हणावं? रिक्षा चालू, त्याची घाई. आणि ज्या साहेबापुढं मला तोंड उघडता आलं नव्हतं ते मी त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. "म्हणावं, मॅडमला करमत नाही."

तो हसला नाही. "सांगतो," म्हणाला.

काका दुसऱ्या दिवशी आले. वॉचमननं आणून खुर्चीत बसवलं. समोर टेबल रिकामं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना, मांडीवर ठेवले, पुन्हा टेबलावर.

"रेडिओ लावला न्हाई आज," ते म्हणाले. "माझ्याकडं काही न्हाई. आज तुम्ही सांगा. तुमच्याकडं काय बातमी?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्याकडं काही नव्हतंच. लेकीचं "बरी आहेस ना" सोडलं तर आठवडाभर मला कुणी काही विचारलेलं नव्हतं, आणि कुणाला सांगावं असं माझ्या घरात काही घडलेलं नव्हतं. काका कान देऊन बसले होते. काहीतरी सांगायला पाहिजे होतं.

"काल मेथीच्या भाजीत मीठ जास्त पडलं," मी म्हणाले.

"बराबर. मंग?"

"मंग काय. एकटीची भाजी, टाकून द्यायचं जिवावर आलं. त्यात बेसन लावलं, तर गोळाच झाला. तो गोळा मी बशीत काढला आणि त्याच्याकडं बघत बसले, काका, रात्रीचं जेवण म्हणून..." आणि मला हसू फुटलं. काकांनाही फुटलं, फलाटावरच्या आवाजात. मी डोळे पुसत होते आणि सांगत होते, आणि माझा आवाज चढत चालला होता, मला पत्ताच नव्हता.

पलीकडच्या टेबलावरच्या एका पोरीनं कानातलं बोंड काढलं आणि वळून बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "हळू."

मी आवाज बारीक केला. काका पुढं वाकले, कान माझ्याकडं केला.

"मंग?" ते म्हणाले. "गोळ्याचं काय झालं?"