बॉयलरपाशी हसणारा खलाशी

नौदलाच्या इतिहासाचं ते संग्रहालय मला पुन्हा कुणी फुकट दाखवलं तरी मी पाऊल ठेवणार नाही. नांदेडहून रेल्वेनं पार समुद्राकाठी जायचा खटाटोप मी आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी केला होता. आबा तरुणपणी लढाऊ जहाजावर होते, तळाशी, बॉयलरवर, जिथं धगीनं अंग भाजून निघायचं. हदगावजवळच्या आमच्या गावात हे कुणाला पटायचंच नाही. पाण्यात राहून माणूस भाजतो कसा, असं म्हणून लोक त्यांची टर उडवायचे. आपलं जहाज तिथं ठेवलंय हे कळल्यापासून आबांचा एकच धोशा होता. बॉयलरपाशी उभं राहून फोटो काढायचा आणि तो गावात पारावर दाखवायचा.

जहाजावर चढताना आबांनी चपला काढल्या. आमच्याकडे रास पडलेल्या खळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही. जिथं आपलं पोट भरतं त्या जागेचा तो मान असतो.

"आजोबा, हे देऊळ नाही," दारावरचा माणूस खेकसला. "चपला घाला, नाहीतर खाली थांबा."

मागची रांग हसली. त्या सगळ्यांना समुद्रात ढकलावं असं मला वाटलं. आबा मात्र चपला घालून चढले.

मग गाईडची टकळी सुरू झाली. कप्तानाची खुर्ची, कप्तानाची दुर्बीण, कप्तानाचा चहाचा कप. त्या कपालासुद्धा काचेची पेटी होती. शेवटी मी वैतागून विचारलं, "अहो, बॉयलर कुठाय?"

"तो कधीच भंगारात गेला. पण आम्ही छान देखावा केलाय," तो म्हणाला.

खाली रंगवलेल्या पत्र्यापुढे प्लॅस्टरचा खलाशी उभा होता. पांढराशुभ्र गणवेश, कडक इस्त्री, चेहऱ्यावर हसू. आबा त्याच्याकडे बघतच राहिले.

"ह्यो तर हसून राहिला," ते म्हणाले. "हितं आमाला धड श्वास घेता येत नव्हता."

"त्याच्यासोबत फोटो काढा की, आजोबा," गाईड म्हणाला.

एवढ्या लांब आलोय तर निदान तेवढं तरी व्हावं, म्हणून मीही मोबाइल काढला. माझ्या या मूर्खपणाची मला अजून चीड येते.

आबांनी माझा हात खाली केला. "नको रे. ह्यो फोटो दाखवला तर लोक म्हणतील, बघा, म्हातारा लई खोटं बोलत व्हता."