हँडलचा चौथा फेरा

त्रेपन्न-चौपन्न साली मी आसेगावच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. माझी जुनी मोटार हँडल मारूनच सुरू व्हायची. मी आत बसायचो आणि दवाखान्यातले एक म्हातारे चपराशी समोर उभे राहून हँडल फिरवायचे. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो इतका थकला होता की पंधरा-वीस फेरे मारावे लागत. म्हाताऱ्याला लागलेली धाप मला बघवेना. शेवटी कारंज्याच्या मिस्त्रीकडून मॅग्नेटो काढून मी बॅटरी आणि कॉइल बसवून घेतली; हँडल तसंच राहिलं, पण ठिणगी आता माझ्याजवळच्या चावीवर आली, चावी बंद तर ठिणगी बंद.

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली. चपराशी मात्र हँडल धरून तसेच उभे राहिले.

"आता मायं काय काम राह्यलं, साहेब?"

मला रागच आला. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच तोंड पाडून उभे.

तिसऱ्या दिवशी मी चावी बंदच ठेवली. त्यांनी तीन फेरे मारले. चौथ्याला मी हळूच चावी फिरवली आणि इंजिन धडधडलं.

"नवं सामान बसवलं तरी आयकते मलेच," घाम पुसत ते रोग्यांना म्हणाले.

पुढे मी ती गाडी विकली, तोपर्यंत ती एकदाही चौथ्या फेऱ्याआधी सुरू झाली नाही.