मळेवाल्यांचं पान

माझ्या थोरल्या साडूंना जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांची काळजी जास्त होती, आणि खरं सांगायचं तर जिवंत माणसांनी त्यांच्यावर वेळच तशी आणली होती. पितृपक्षात हिंगोलीत घरोघरी पानं वाढली जातात, त्यात नवल काही नाही. पण इंग्रजांच्या अमलात अमेरिकेत राहून तिथेच मेलेल्या एका गोऱ्या तंबाखूवाल्याचं पान वाढणारं घर उभ्या मराठवाड्यात एकच होतं, आणि त्या गोऱ्याच्या नावानं तळलेले वडे खायला मला बोलावणं असे. वडे उत्तम असत. गोऱ्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. माझी तक्रार जिवंतांबद्दल आहे, ती पुढे येईलच.

साडू जमीन मोजणीच्या खात्यात होते. जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांवरून त्यांनी साखळी ओढली होती, म्हणून खेडोपाडी त्यांना सगळे ‘मोजणीसायब’ म्हणत. निवृत्त झाल्यावर साखळी सरकारजमा झाली, पण सवय कुठं जमा करणार? कुठेही पाय टेकला की पहिला प्रश्न ठरलेला, “ही जमीन आधी कोणाची?” आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पंगत अर्ध्यावर आली असताना त्यांनी मोठ्यांदा मला शाबासकी दिली, “मास्तर, जागा झकास घेतली. इथं कोंडवाडा होता. तुमचं देवघर हाय ना, बराबर तिथं चुकार म्हशी बांधून ठेवत.” माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी मेहुणी, त्या दिवसापासून देवघरात उदबत्त्या जरा जास्तच लावते. गोरेगावला एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलीच्या मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की मंडप ओढ्यात घातलाय. मामा म्हणाले, ओढा बुजून जमाना झाला. साडू म्हणाले, “तुमी बुजवला, पाण्याला कुणी सांगितलं?” दुपारी वळवाचा पाऊस आला आणि ओढ्याला आपली जुनी वाट आठवली. त्यानंतर मामा पायातले बूट हातात घेऊन फिरत होते आणि साडू मात्र खुर्चीवर पाय वर घेऊन समाधानानं जिलबी खात होते.

या सवयीच्या बुडाशी एक नियम होता, आणि तो त्यांना त्यांच्या वडिलांकडून आला होता. ज्याची जमीन आपण खाल्ली, त्याचं पान आपण वाढायचं. साडूंच्या परसातला एक तुकडा मुळात शेजारच्या एका निपुत्रिक विधवेचा. जाताना तिनं तो यांच्या वडिलांच्या नावे केला. ना नात्याची, ना गोत्याची. पण दर पितृपक्षात त्या बाईचं पान आधी वाढलं जाई, मग घरच्यांचं. जमिनीच्या उताऱ्यावर नुसतं नाव चढलं म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं. साडूंना वाटे, की मागच्या माणसाला जेवू घातल्याशिवाय फेरफार पुरा होत नाही.

त्यांना मुलगा एकच. हुशार, कॉम्प्युटरमधला, अमेरिकेत व्हर्जिनिया म्हणून प्रांत आहे तिथं स्थायिक झालेला. त्याला तिकडे घर घ्यायचं होतं म्हणून साडूंनी पुसेगावची वडिलोपार्जित जमीन विकली. घेणारा तिथलाच शेतकरी, तोंडानं फटकळ, चिवटपणे घासाघीस करणारा. रजिस्ट्रीच्या दिवशी सह्या झाल्यावर साडूंनी त्यालाही थांबवून नियम समजावून सांगितला. तो वैतागून म्हणाला, “सायब, मोजून घेतली, पैशे दिले, आता जेवायला बी म्याच घालू व्हय?” साडू म्हणाले, “आमी हाओत तंवर आमी घालू. नंतरचं तू बघ.” आम्ही सगळे हसलो.

मग साडू आणि अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेले. एकसारखी टुमदार घरं, पुढे कातरलेली हिरवळ, वसाहतीच्या तोंडाशी दगडी कमान आणि कमानीवर कुठल्याशा जुन्या इस्टेटीचं नाव. साडूंनी सामान खाली ठेवायच्या आत विचारलं, “ही जमीन आधी कोणाची?” मुलगा म्हणाला, “बिल्डरची, बाबा.” “आन त्याच्या आधी?” मुलानं खांदे उडवले. इतर आईबाप अमेरिकेत जाऊन मॉल बघतात, धबधबा बघतात. साडूंनी तिथली कचेरी बघितली. जुन्या दप्तराच्या खोलीत एक म्हातारी बाई बसे, तिच्याशी त्यांची गट्टी जमली. “मास्तर,” ते फोनवर मला म्हणाले, “कचेरीत मला बसायला खुर्ची दिली. आपल्याकडं उभ्या जन्मात साहेबानं न्हाई दिली!” त्या बाईनं काढून दिलेल्या कागदांत कमानीवरच्या इस्टेटीचा मूळ मालक सापडला. तंबाखूचा मोठा मळेवाला, नाव टॉमस. त्याच्या जमिनीची हद्द लाल ओकाच्या झाडापासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून दुसऱ्या ओकापर्यंत लिहिलेली. “झाडं निशाणीला धरली येड्यांनी,” साडू कळवळून म्हणाले, “झाड मेलं की माणूस हद्द कुठं हुडकल?” पण त्यांनी ती हुडकली. मुलाचं घर बरोबर टॉमसच्या मळ्यात येत होतं. म्हणजे नियमानं टॉमसचं पान आपल्याकडे लागलं.

श्राद्धाला नुसतं नाव पुरत नाही, बाप आणि आजाही लागतो. म्हणून हिंगोलीला परत आल्यावर साडूंनी त्या म्हाताऱ्या बाईशी ई-मेल सुरू केले. टॉमसचा बाप विल्यम, त्याचा बाप एडवर्ड, एवढं मिळताच भटजींना बोलावणं गेलं. भटजींनी पळीपंचपात्र मांडून विचारलं, “गोत्र?”

“माहीत न्हाई.”

“मग काश्यप घालू. मरणाची तिथी?”

“तीबी न्हाई.”

“म्हून तर सर्वपित्री अमावास्या असते.” भटजींनी मान डोलावली आणि मग एकदम थबकले. “सायब, हे टॉमसराव किरिस्ताव तर न्हाईत?”

“होते. मेल्यावर कुठून ऱ्हातो माणूस किरिस्ताव? भूक तर लागतीच ना?”

भटजींनी दर्भ हाती घेतला. एडवर्ड, विल्यम, टॉमस या तिघांना काश्यप गोत्रात घेऊन त्यांनी पिंड पाडले. साडूंनी विड्याशेजारी चिमूटभर तंबाखूही ठेवली, धंदेवाल्या माणसाला बरं वाटावं म्हणून. पण गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळा काही शिवेना. भटजी म्हणाले, “इच्छा ऱ्हायली असंल. तुमी इंग्रजीतून सांगून बघा.” साडूंनी हात जोडून आभाळाकडे बघत सांगितलं, “डोन्ट वरी सर, फॅमिली आय विल सर्च!” मी जिन्यात तोंडात रुमाल धरून उभा होतो.

शब्द दिला म्हणून त्यांनी टॉमसच्या खानदानाचा माग काढायला घेतला. भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर वंशवेल चढू लागली. एका मुलानं वाटा घोड्यांच्या शर्यतीत घालवला, एका जावयानं विकून खाल्ला, घर जळालं, जमिनीचे तुकडे पडले. थोरला मुलगा पश्चिमेकडे नवी जमीन बघायला गेला तो परतलाच नाही. हे सांगताना साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मास्तर, बापानं एवढं उभं केलं, आन पोरगं लांबच गेलं की हो.” तेव्हापासून ‘तो गोरा’ जाऊन ‘आपले मळेवाले’ झाले. त्यांना टॉमसमध्ये सोबती सापडला होता. मला ते बघवत नसे. मुलाचा फोन रविवारी सकाळी येई, तोही स्पीकरवर टाकलेला, मागे भांड्यांचा आवाज. साडू मळेवाल्यांची नवी बातमी सांगत आणि मुलगा म्हणे, “हो बाबा. ओके बाबा. चला, ठेवतो.” म्हाताऱ्यानं मुलाशी बोलायला विषय मिळावा म्हणून परक्याच्या सात पिढ्या उकरल्या, आणि मुलाला त्यातली एक ऐकायला सवड नव्हती. मी त्याचा काका लागतो, म्हणून शिवी देत नाही.

मग एके दिवशी त्या बाईनं टॉमसच्या मृत्युपत्राची नक्कल पाठवली. मी गेलो तेव्हा साडू पंख्याखाली घाम पुसत बसले होते. घोडे, चांदीचे चमचे, पिसांच्या गाद्या आणि त्याच ओळीत पुढे माणसं. दीना आणि तिचं लेकरू. जेकब. थोरली सूकी. कोण कुणाच्या वाट्याला, तेही लिहिलेलं.

“बापाचं नाव न्हाई, मास्तर,” ते म्हणाले. “एकाच्याबी बापाचं नाव न्हाई. उभा जन्म उतारे बघितले म्या. मालकाचं नाव एका जागी असतंय, कसणाराचं दुसऱ्या. नांदतेत का भांडतेत, पण दोघं माणसंच असतेत. ह्यानं तर कसणारे बैलाच्या ओळीत घातले.”

त्या वर्षी मळेवाल्यांचं पान बंद झालं. अक्का हळहळली, “उपाशी ऱ्हाईल हो बिचारा.” साडू म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. ह्यानं लई जणांला ठेवलं.” त्या जागी त्या सगळ्या गुलामांसाठी एकच मोठं पान वाढलं गेलं आणि साडूंनी एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडलं. कावळा लगेच आला. एरवी कठड्यावर टपलेलं शेजारचं मांजर त्या दिवशी गच्चीवर नव्हतं, खरं कारण तेवढंच असावं, पण मी ते बोललो नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मुलाला सांगितलं, की जुन्या नकाशाप्रमाणे तुझ्या मुलासाठी, म्हणजे माझ्या नातवासाठी बांधलेला झोपाळा आहे ना, तिथंच त्या लोकांच्या झोपड्या होत्या. “मी इथून वाढतो, पण लांब पडतंय. जमीन तुझ्या नावावर हाय. वर्षातून एकदा तू तुझ्या हातानं तिथं पान ठेव. बास.” पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मुलगा म्हणाला, “बाबा, प्लीज. नातवासमोर हे असलं काही बोलू नका. आणि आम्ही हे पान वगैरे मानत नाही. यापुढेही करणार नाही.” फोन ठेवल्यावर साडू बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांनी मागितलं होतं दीनासाठी, पण उत्तर त्यांना स्वतःबद्दल मिळालं होतं. आपल्या मागे आपलं पान कुणी वाढणार नाही, हे त्यांना त्या सकाळी कळलं, आणि त्यानंतर त्या माणसानं कुठल्याही जमिनीवर उभं राहून ती आधी कोणाची हे विचारलं नाही.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात साडू गेले. मुलगा आला, दहाव्याला कयाधू नदीच्या काठी बसला. पिंडाला कावळा शिवेना. घराकडे बघू, अक्काला सांभाळू, सगळ्यांचं सगळं सांगून झालं. ऊन चढलं, लोक घड्याळं बघू लागले. म्हाताऱ्याला काय हवंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी मुलगा उठला, डोळे भरून आलेले, हात जोडून म्हणाला, “वाढतो बाबा. त्यांचंही वाढतो, तुमचंही वाढतो.” कावळा खाली उतरला. त्या क्षणी मला त्या मुलाचा सगळा राग गेला होता, इतका मी मूर्ख आहे.

पहिल्या वर्षी पान वाढायचं नसतं, ते वर्ष सुटलं. यंदा अमावास्येच्या आधीच्या रविवारी अक्कानं फोनवर आठवण केली. तो म्हणाला, “आई, त्या दिवशी मला ऑफिस आहे गं. आणि इथं केळीचं पान कुठं मिळायचं?” केळीचं पान मिळत नाही म्हणे! त्याच गावात मोदक मिळतात, पुरणपोळी मिळते, पणतीचं चित्र छापलेलं उटणंसुद्धा मिळतं. अक्का “बरं” म्हणाली. तिनं नंतर त्याचं नावही काढलं नाही, मलाही काढू दिलं नाही.

अमावास्येला तिनं सगळा स्वयंपाक केला. साडूनं साडूला पिंड दिलेला चालत नाही म्हणून मी नुसतं पान गच्चीवर ठेवून आलो आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. दुपारी फोन वाजला. पुसेगावचा तो फटकळ शेतकरी होता.

“अक्काबाई, मोजणीसायबाचं पान वाढलंय. औंदा हळदीला करपा पडला, तर बायको म्हणली, ते सायब सांगून गेल्ते, आन तुमी इसरले. आता भटजी सायबाच्या बापाचं नाव इचारून राहिले. काय सांगू?”

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मला माहीत नव्हतं. टॉमसचा बाप मला पाठ होता, साडूंचा नव्हता. आणि अक्कानं तर लग्न झाल्यापासून सासऱ्यांचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नव्हतं. तशी रीतच नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, फोन तोंडाजवळ धरला आणि ऐकू कमी येणाऱ्याला सांगावं तसं खणखणीत सांगितलं, “ह्यांचे वडील बळवंत. त्यांचे वडील आबाजी. त्यांचे वडील नरहर. नीट सांगा भटजींला.”

पलीकडे भटजींनी ती नावं मोठ्यांदा घेतली, आणि शेतकरी पान घेऊन बाहेर गेला असावा, कारण फोनमध्ये वारा ऐकू येऊ लागला. मग तिनं हळूच विचारलं, “कावळा शिवला का हो?”

“शिवला? बाई, म्या पान ठिवून हात बी काढला न्हाई, तर दोघं आले!”

अक्कानं फोन पालथा ठेवला, आमच्यापुढे पाट सरकवले आणि म्हणाली, “बसा, जेवून घ्या. ते जेवले.”